खिडकीवरचा अर्धा पुढारी

मी तक्ता बोलतोय. प्लायवूडचा. आठ फूट बाय चार फूट, असं माझं माप मी पूर्वी सांगायचो आणि सांगताना छाती फुगायची. आता चार बाय चारच उरलोय. छाती अजूनही फुगते, पण ती दमट हवेनं.

माझ्या जन्माबद्दल मिरवावं असं फारसं काही नाही. सागाच्या फळीला आपण कुठल्या झाडाचे ते ठाऊक असतं. मला नाही. कुठल्या कुठल्या झाडांचे पापुद्रे काढले, त्यांना गोंद फासला, एक आडवा एक उभा असे रचले आणि गरम दाबाखाली चेपले, की झालो मी. कारखान्यात दोन थप्प्या होत्या. एक पाण्याला दाद न देणाऱ्या तक्त्यांची आणि दुसरी आमची, म्हणजे कपाटाच्या पाठीला लावायच्या तक्त्यांची. शिक्के मारणारा माणूस त्या दिवशी शेजाऱ्याशी सरकार पडणार की टिकणार यावर हमरीतुमरीवर आला होता. त्या भरात त्याचा हात चुकला आणि माझ्या कोपऱ्यावर निळा शिक्का बसला : ‘जलरोधक’.

मी गप्प राहिलो. फुकट मिळालेली पदवी कोण परत करतो?

त्या पदवीच्या जोरावर मला पहिली नोकरी लागली ती निवडणुकीत. एका रंगाऱ्यानं माझ्यावर उमेदवाराचा चेहरा काढला. रंगारी मोठा काटेकोर. त्यानं दोरी धरून माझा मध्य काढला आणि उमेदवाराचं नाक बरोबर त्या रेषेवर बसवलं. मिशीचा एक आकडा इकडे, एक तिकडे. डोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘थापा नाहीत’ आणि गळ्याखाली ‘फक्त काम’. तीन आठवडे मी चौकात उभा होतो. येणारी-जाणारी माणसं माझ्यापाशी थांबत. मला वाटायचं, माझं ऐकायला थांबतात. पुढे कळलं की त्या चौकात सावली तेवढी माझीच होती.

उमेदवार निवडून आला, त्याचा साहेब झाला आणि मी गटाराच्या कडेला पालथा पडलो. तिथून मला उचललं ते काचवाल्यानं.

हा काचवाला साठीच्या घरातला. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरी असं त्याचं दुकान. काच कापायची हिऱ्याची कलम कायम कानावर. मी त्याच्या पक्षाचा, म्हणजे माझ्यावरचा चेहरा त्याच्या पक्षाचा. त्या चेहऱ्यासाठी तो महिनाभर दारोदार फिरला होता. “साहेबांना असं चिखलात कसं सोडायचं?” असं म्हणत त्यानं मला हातगाडीवरून घरी आणलं. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “आणलंत ते आणलंत. पण तोंड भिंतीकडे करून ठेवा. मला पदर सावरत वावरायचं नाही.”

समोरच्याच घरात, गल्ली ओलांडली की, काचवाल्याची थोरली बहीण राहायची. तिला सगळी गल्ली ताई म्हणते. ताईचे यजमान म्हणजे काचवाल्याचे दाजी. विजेच्या खात्यात अठ्ठावीस वर्षं घरोघरी जाऊन मीटरचे आकडे टिपायचं काम करून निवृत्त झालेले. ते दुसऱ्या पक्षाचे. पूर्वी रोज संध्याकाळी दोघं दुकानाच्या पायरीवर बसून भांडायचे आणि भांडण संपलं की एकाच पेपरची पानं वाटून घ्यायचे. पण मतदानाच्या रांगेत, सगळ्यांदेखत, दाजी म्हणाले, “आमच्या मेहुण्यांच्या दुकानात आरपार दिसतं. डोक्यात तेवढं दिसत नाही.”

लोक हसले. काचवाल्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, “मीटर न बघता आकडा टाकायची सवय नोकरीबरोबर गेली नाही वाटतं.”

यावर कुणी हसलं नाही. दाजींनी अठ्ठावीस वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता आणि ते रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. काचवाल्यालाही. त्या दिवसापासून तीन वर्षं दोघं बोलले नाहीत. बोलायचं असलं की ताईला किंवा काचवाल्याच्या बायकोला गल्ली ओलांडावी लागे.

या तीन वर्षांत तीनदा चक्रीवादळाचा इशारा आला. तिन्ही वेळा काचवाल्यानं मला दुकानाच्या मोठ्या काचेवर बाहेरून ठोकलं आणि तिन्ही वेळा वादळ ऐनवेळी वळलं. त्यामुळे काचवाल्याचा असा समज झाला की तक्ता पायगुणाचा आहे. माझा तर त्याआधीच झाला होता. वादळ लांबून आपला चेहरा बघतं आणि हबकतं, असं मी मनोमन धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर माझ्या अंगावर आजवर धड पावसाची सर आली नव्हती. माझे खालचे पापुद्रे ओलीनं सुटायला लागले होते आणि एकदा जरी खरं वादळ आलं असतं तरी माझं बिंग फुटलं असतं. म्हणून इशारा आला की गल्ली घाबरायची वादळाला, मी घाबरायचो परीक्षेला.

चौथा इशारा आला तो बुधवारी. दोन दिवसांनी, शुक्रवारी दुपारनंतर, वादळ किनाऱ्याला धडकण्याची शक्यता. ‘शक्यता’ हा शब्द मोठा सोयीचा. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यात आपापलं मत बसवता आलं.

मी दुकानात भिंतीला टेकून उभा होतो, सगळं ऐकत होतो. मेणबत्त्या आणि पाण्याचे डबे घेऊन जाणारी माणसं दोन मिनिटं टेकायला आत येत. एक म्हणे, सरकारनं यावेळी किती वेळेत कळवलं बघा. दुसरा म्हणे, कळवायला काय जातं, समुद्राकाठची भिंत बांधणार होते तिचं काय झालं? तिसऱ्याचं म्हणणं, भिंत बांधली असती तर वादळ तिच्यावर आपटून दुप्पट जोरानं आलं असतं. हे त्याला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, सांगायला कशाला हवं, साधी गोष्ट आहे.

बेकरीवाला पाव संपल्याचं सांगायला आला आणि जाता जाता म्हणाला, “तुमची मजा आहे बुवा. शनिवारी गावभर काचा फुटलेल्या. शर्ट शिवून घ्या नवा!”

काचवाला हसला नाही. हातातली पट्टी पुसत बसला. बेकरीवाला गेल्यावर बायकोला म्हणाला, “लोकांना खरंच असं वाटतं का गं, की मी वाट बघतोय?”

त्याच्या डोक्यात काचा नव्हत्याच. ताई होती. बारा दिवसांपूर्वी ती मोरीत घसरून पडली होती आणि तिच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी हलवायला सक्त मनाई केली होती, न्यायचंच तर रुग्णवाहिकेतून आडवं न्या म्हणून बजावलं होतं. घरातली आतली खोली पत्र्याची, वादळात तिचा भरवसा नाही. बाहेरच्या खोलीला पक्कं छत होतं, पण तिथे पलंगाच्या डोक्याशी चार फुटी खिडकी. काचवाल्याचं बिऱ्हाड दुकानावर, वर जायला शिडीसारखा उभा जिना. खाली दुकानात सगळीकडे काच. म्हणजे ताई होती तिथेच बरी, फक्त ती खिडकी सोडून.

गुरुवारी सकाळी त्यानं साहेबांना फोन लावला. रुग्णवाहिका मिळाली तर ताईला दवाखान्यातच ठेवता येईल, एवढीच विनंती. पहिल्यांदा एक मुलगी बोलली : साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुमचं काम नोंदवून घेतलंय. तासाभरानं दुसऱ्यांदा तेच. दुपारी तिसऱ्यांदा लावला तेव्हा थेट साहेबांचा आवाज आला. काचवाला उभा राहिला. “नमस्कार साहेब, मी काचवाला बोलतोय, आपल्या चौकातला. माझ्या बहिणीचं...” पलीकडून आवाज सांगतच होता, घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका, मी आपल्या पाठीशी आहे. “हो साहेब, पण बहिणीला...” आवाज संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. नमस्कार, घाबरू नका.

काचवाल्यानं फोन खाली ठेवला. त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्यावरच्या चेहऱ्याकडे. मी हसतच होतो, मला दुसरं काही रंगवलेलंच नव्हतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

समोर दाजी दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “वादळबिदळ काही येत नाही हो! पाण्याच्या टाकीत कोणी किती खाल्लं ते दाबायला ही हूल आहे. टाकीवरचं लक्ष उडावं म्हणून आभाळाकडे बोट.”

शुक्रवारी सकाळी काचवाल्याची बायको ताईला पेज देऊन आली ती धापा टाकत. “अहो, दाजी खिडकीला चादर ठोकतायत. दुहेरी घडी करून. खिळे तोंडात धरलेत आणि मला बघून म्हणाले, उन्हासाठी आहे.”

बाहेर ऊन नव्हतं. आभाळ न घासलेल्या भांड्यासारखं करडं होतं.

काचवाला तसाच उठला. मला ओढून त्यानं दोन स्टुलांवर आडवं टाकलं. मला वाटलं, आता नेहमीसारखं स्क्रू लावून मला बाहेर टांगणार. मी मान ताठ केली. त्यानं माझ्या नाकावरून, म्हणजे साहेबांच्या नाकावरून, पेन्सिलीनं सरळ रेघ मारली आणि करवत उचलली.

“आणि आपली काच?” बायकोनं विचारलं.

“अर्ध्यावर हा राहील. अर्ध्यावर गादी बांधू, कपाटाचं दार लावू. फुटली तर फुटली. काच मी दुसरी बसवतो, तेवढंच तर येतं मला.”

तिनं माझं एक टोक दाबून धरलं.

कापलं जाताना माझं लक्ष वेदनेकडे नव्हतं. कापलेल्या कडेतून आतले कच्चे पापुद्रे दिसतील आणि माझ्या शिक्क्याचं खोटं उघडं पडेल, याचीच मला धास्ती. दोन तुकडे झाल्यावर माझा जीव कुठल्या अर्ध्यात जाणार हेही मला ठाऊक नव्हतं. तो डाव्यात गेला. का, ते पुढे कळेलच.

काचवाल्यानं मला डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडली. दाजींनी दार उघडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर आले, मध्ये मी. काचवाला म्हणाला, “खिडकीसाठी आणलंय.”

“आमची खिडकी झाकलेली आहे.”

“चादरीनं?”

आतून ताईचा आवाज आला, “बाळ्या, आत ये. ते नाही म्हणाले तरी ये. घर माझंपण आहे.”

दाजी बाजूला झाले. त्यांनी मला हात लावून भिंतीशी उभं केलं, दोन पावलं मागे सरून चष्मा लावला आणि वाचलं. वरती ‘थापा’. मध्ये अर्धा चेहरा, एक डोळा, मिशीचा एक आकडा. खालती ‘फक्त’.

“थापा... फक्त,” दाजी म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते दारात गेले, पलीकडे दुकानाच्या पायरीवर ठेवलेला माझा उजवा अर्धा त्यांनी डोळे बारीक करून वाचला. “आणि तिकडे काय? नाहीत... काम! अहो मेहुणे, कापल्यावर दोन्ही अर्धे खरं बोलायला लागले की!”

काचवाल्यानं तोंड गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. पण त्याला कालचा फोन आठवला असावा. त्याच्या नाकातून आधी एक आवाज आला आणि मग तो मटकन पलंगाच्या कडेवर बसून डोळे पुसेपर्यंत हसला. ताई म्हणाली, “हसवू नका रे, टाके ओढतात!” आणि तीच सगळ्यात जास्त हसली.

माझा जीव ‘थापा’ लिहिलेल्या अर्ध्यातच का गेला, ते आता तुम्हाला सांगायला नको. अक्षरं ओळखून गेला तो.

काचवाल्यानं आधी खिडकीच्या काचा काढल्या. वादळात काच उडाली तर सुरीसारखी लागते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्या त्यानं गोधडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवल्या. मग मला चौकटीत बसवून आठ स्क्रू पिळले. चेहरा आत ठेवायचा की बाहेर, यावर क्षणभर पेच पडला. ताईनं तो सोडवला. “चौदा दिवस छत बघतेय मी. आता त्यात अर्धा पुढारी नको.” म्हणून तोंड गल्लीकडे. जाणारा-येणारा वाचत होता आणि दाजी उन्हासाठी दारात उभे होते.

चारच्या सुमाराला वारा आला. मी याआधी ऐकला होता तसा नव्हे. तो आधी थांबून थांबून, चाचपून बघत आला, मग त्यानं थांबणं सोडलं. वीज गेली. पाऊस आडवा लागला आणि माझ्या जन्माचं खोटं अर्ध्या तासात उघडं पडलं. पाणी पापुद्र्यांत शिरलं. मी फुगलो, खालचा डावा कोपरा सुटला, एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला आणि मी चौकटीवर थाडथाड आपटायला लागलो. जलरोधक म्हणे! दाजींनी पाठ लावून मला दाबून धरलं. पण सत्तरीतली पाठ ती.

पलीकडून काचवाल्यानं दुकानाच्या फटीतून माझा उघडझाप होणारा कोपरा पाहिला. तो त्या पावसातून पळत आला. वाटेत दोनदा खाली बसला. आत येऊन त्यानं दाजींशेजारी पाठ लावली. दोन म्हातारे, मध्ये दोन इंच जागा, पुढ्यात पलंगावर ताई. खोलीत अंधारून आलं होतं. माझ्या मागे वारा असा ओरडत होता की दोघांचे श्वास ऐकू येत नव्हते.

ताईनं चादर मुठीत धरली होती. ती म्हणाली, “बोला ना रे काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की तो बाहेरचा आवाजच तेवढा ऐकू येतो.”

दोघं गप्प. तीन वर्षांचं गप्प राहणं असं एकदम मोडत नाही. मग दाजी ओरडले, “ती भिंत बांधली असती तुमच्या साहेबानं, तर आज ही वेळ आली नसती!”

“तुमच्या लोकांनीच कोर्टात जाऊन काम अडवलं!” काचवाला ओरडला.

“अडवणारच! सिमेंटमध्ये वाळूच वाळू!”

“तुम्ही बघायला गेला होता?”

“गेलो होतो! चालत! डब्यात भरून आणलीय ती वाळू!”

आणि सुरू झालं. भिंत, टाकी, रस्ते, कर, विजेचे दर, दहा वर्षांपूर्वीचं सरकार, वीस वर्षांपूर्वीचं सरकार. वारा वाढला की आवाज वाढायचा. मी पाठींखाली थरथरत सगळं ऐकत होतो. इतकी मतं माझ्यावर कधी कुणी टेकवली नव्हती. मध्येच एकदा ताई म्हणाली, “करांचं परत सांगा, ते चांगलं रंगलं होतं.”

वारा जरा दमला तेव्हा काचवाला खालच्या आवाजात म्हणाला, “दाजी, रांगेत मी ते आकड्याचं बोललो...”

“आत्ता नको,” दाजी म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्याला खांदा अडकवला. “आत्ता भांडा.”

सहाच्या सुमाराला वारा ओसरला. बॅटरीवरच्या रेडिओनं सांगितलं की वादळ वळलं, आम्हाला त्याचा नुसता पदर लागला. ते वरच्या किनाऱ्यावर गेलं होतं, एका कोळ्यांच्या वस्तीवर. पूर्वीच्या तिन्ही वेळा मी मनात पाठ थोपटून घेतली होती, वादळ मला बघून वळलं म्हणून. वळलेलं वादळ कुठेतरी जातं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काचवाला दुकानात परतला तेव्हा बेकरीची पत्र्याची पाटी उडून त्याच्या मोठ्या काचेत घुसली होती. गादी लावलेल्या अर्ध्यातच. गावात तशी मोठी काच एकच फुटली, ती काचवाल्याची. बेकरीवाला आला, बघितलं आणि मुकाट्यानं झाडू मागून घेतला. तीन दिवसांनी नवी काच आली. आठ फुटी काच एकट्याला धरता येत नाही, दुसरं टोक दाजींनी धरलं. बसवताना दोघं टाकीवरून इतके जोरात भांडत होते की काचवाल्याची बायको बाहेर येऊन म्हणाली, “आधी काच, मग सरकार!”

ताईच्या खिडकीला तिच्या काचा परत लागल्या आणि मी बेकार झालो. फुगलेला, सोललेला, अर्धा. दाजी मला जळणात टाकणार होते. पण ताईला वॉकर मिळाला होता आणि दाराबाहेरची उंच पायरी तिला उतरता येईना. काचवाल्यानं माझ्या पोटाला लाकडाच्या दोन जाड पट्ट्या ठोकल्या आणि मला त्या पायरीवर तिरका टाकला. उतार म्हणून.

पहिल्या दिवशी ती माझ्यावर आली तेव्हा वॉकरचे चार पाय, तिचे दोन, असा सहा पायांचा भार मी घेतला. मी कुरकुरलो. ती म्हणाली, “हे मोडणार बहुतेक.” दाजी एका बाजूला, काचवाला दुसऱ्या बाजूला, दोघं तिला एकाच वेळी उलट्या सूचना देत होते. तिनं दोघांना गप्प केलं आणि एकटी गल्ली ओलांडून भावाच्या दुकानात जाऊन बसली. आता रोज जाते. येताना माझ्या मध्यावर दम खायला थांबते. तेवढा वेळ मी अजिबात हलत नाही.

तर मंडळी, वादळं अडवायला मला आता बोलावू नका. ते माझं काम कधीच नव्हतं. मला आणखी दोनेक महिने इथेच राहू द्या. मग एखाद्या सकाळी ती वॉकर सोडून, काठीही न घेता, माझ्याकडे न बघता पायरी उतरेल, तेव्हा मला खुशाल उचला. फक्त लगेच जळणात टाकू नका. जरा वेळ त्या भिंतीला टेकून उभं करा. तिला जाताना मला एकदा बघायचंय.